हरणी आता जंगलात येत नाही

मागच्या जानेवारीत वनखात्याच्या एका वॉचरनं मला माझेच ठसे दाखवले.

हुणसूरहून नागरहोळेकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वीरनहोसहळ्ळीच्या नाक्याच्या बरंच अलीकडे, एक मातीची वाट सागाच्या लागवडीत शिरते. तीन आठवडे मी रोज सकाळी त्या वाटेनं हरणीला फिरवत होते. हरणी ही माझी मुधोळ कुत्री. अंगानं फिक्या तांबूस रंगाची, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी सडपातळ, लांब तोंडाची. म्हणून हे नाव. गळ्यात रुंद कातडी पट्टा, त्याला दोन मीटरची दोरी, दोरीचं टोक माझ्या मनगटाला. लशी वेळेवर. भुंकणं जवळपास नाहीच. आपण कुणाचं काही बिघडवत नाही, याची मला पक्की खात्री होती.

त्या दिवशी वॉचर वाटेच्या तोंडाशीच उभा होता. जेनु कुरुब आदिवासींच्या हाडीतला, म्हणजे वस्तीतला, पन्नाशीच्या पुढचा, हातात काठी. ‘अम्मा, इल्लि नोडि,’ म्हणाला. इकडे बघा. आदल्या दिवशीच्या माझ्या बुटांचे ठसे धुळीत स्वच्छ उमटलेले होते. त्यांच्या डाव्या अंगाला हरणीची पावलं, प्रत्येक पावलापुढे नखांची चार टिंबं. आणि या दोन्हींच्या वर, मधोमध, गोल, भरीव, नखं नसलेला तिसरा ठसा. कुत्र्याचं नख मातीत उमटतं, मांजरकुळातल्या जनावराचं चालताना आत ओढलेलं असतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. धुळीत बघायची ती पहिली वेळ. ‘चिरते,’ तो म्हणाला. बिबट्या.

काठीच्या टोकानं दाखवत तो मला पुढे घेऊन गेला. हरणीला तेवढ्यापुरती गाडीत बसवली होती. तीनशेएक पावलं बिबट्या आमच्या मागावर चालला होता. एका वळणावर दगड आहे, तिथे हरणी रोज मुतायची. त्या दगडापाशी ठसे दाटले होते, तो तिथे रेंगाळला होता. मग उजवीकडे ओढ्यात उतरला. ‘आजचा नाही, रात्रीचा आहे,’ वॉचर म्हणाला. ‘आणि हा पहिला नाही. चार दिवस बघतोय. तुमची वेळ त्याला कळली असेल.’ शेवटी अगदी हळू आवाजात, मला वाईट वाटू नये अशा बेतानं म्हणाला, ‘नायी बेडा, अम्मा.’ कुत्रं नको.

आधी मला रागच आला. पट्टा आहे ना हातात, मग अडचण काय? ही वाट उद्यानाच्या हद्दीबाहेर आहे, असंही मी त्याला ऐकवलं. तो काही बोलला नाही. घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात त्याच्याशी भांडत होते. ते भांडण मी हरले, आणि कशी हरले ते सांगण्यासाठीच हा लेख लिहिते आहे. कारण तेव्हाचा माझा मुद्दा, ‘पट्टा आहे ना’, आज पुण्यातल्या टेकडीवर, ठाण्याजवळच्या येऊरच्या रानात, कोल्हापूर-सातार्‍याकडच्या घाटातल्या वाटांवर शेकडो शहाणी, प्रेमळ माणसं मांडत असतात.

मी मूळची निपाणीची. १९८१ च्या तंबाखू आंदोलनानं महाराष्ट्र-कर्नाटकाला माहीत झालेलं ते गाव. यजमान तंबाखूच्या व्यापारातले. निपाणीची विडीची तंबाखू सोडून ते इकडच्या व्हर्जिनिया तंबाखूकडे वळले आणि आम्ही म्हैसूरपासून ४५ किलोमीटरवरच्या हुणसूरला आलो. कट्टेमळलवाडीला तंबाखू बोर्डाचा लिलाव चालतो, तिथल्या हंगामावर आमच्या घराचं वर्ष ठरायचं. ते गेल्यावर मुलगा म्हणाला, अमेरिकेत ये. मी गेले नाही. मुधोळकडच्या एका नातेवाइकानं दोन महिन्यांचं पिल्लू आणून दिलं आणि मी इथेच राहिले. सत्तरीकडे झुकलेल्या एकट्या बाईला सकाळी घराबाहेर काढणारं, अंधार पडल्यावर दारात बसणारं जनावर म्हणजे काय, ते ज्याच्याकडे आहे त्यालाच कळेल. तेव्हा कुत्र्यांचा द्वेष करणारी बाई म्हणून कुणी माझं म्हणणं बाजूला सारू नये.

या जातीबद्दल मला अभिमानही आहे. मुधोळच्या घोरपडे राजांनी ती जोपासली, महाराष्ट्रात तिला कारवान म्हणतात, २००५ साली डाक खात्यानं तिचं तिकीट काढलं. पण ही नजरेनं शिकार करणारी जात आहे, हे आम्ही पाळणारे सोयीनं विसरतो. सागाच्या पलीकडे चितळाचं शेपूट हललं की हरणीच्या पाठीची तार ताणली जाते. ती भुंकत नाही, ओढत नाही, नुसती थांबून बघते. आणि पलीकडून चितळ तिला बघतं. तेवढ्यात एक मादी पुढचा पाय आपटते, शीळ घातल्यासारखा इशारा होतो, आणि सगळा कळप झाडीत नाहीसा होतो. हे मी तीन आठवड्यांत कितीदा पाहिलं असेल! दर वेळी मला वाटायचं, किती छान, आज चितळं दिसली. ती चरायची थांबली होती, पाण्यावरून उठून गेली होती, त्यांतल्या कुणाच्या मागे पाडस होतं. मला दिसत होतं ते त्यांचं पळणं. त्यालाच मी निसर्गदर्शन समजत होते.

पट्ट्यातल्या कुत्र्यानं नेमका किती फरक पडतो, याचा हिशेब ऑस्ट्रेलियात झालेला आहे. सिडनीच्या आसपासच्या रानवाटांवर पीटर बँक्स आणि जेसिका ब्रायंट या दोघांनी ९० ठिकाणी तो केला आणि २००७ मध्ये प्रसिद्ध केला. कुठे माणूस कुत्र्यासह चालला, कुठे नुसता माणूस, कुठे कुणीच नाही. मग पक्षी मोजले. कुत्री सगळी पट्ट्यात होती. तरी कुत्रं गेलेल्या वाटांवर पक्ष्यांच्या जातींची विविधता ३५ टक्क्यांनी आणि पक्ष्यांची संख्या ४१ टक्क्यांनी घटलेली आढळली. नुसत्या माणसामुळे झालेली घट याच्या निम्मीही नव्हती. जमिनीवर वावरणाऱ्या पक्ष्यांना सगळ्यात जास्त त्रास झाला. मला हलवून गेलं ते पुढचं. जिथे वर्षानुवर्षं लोक कुत्री फिरवतात तिथेही पक्षी तितकेच उडून गेले. म्हणजे ‘सवय होते हो त्यांना’ हे आपण एकमेकांना देतो ते समाधान खोटं आहे.

आपल्या मातीतलंही उदाहरण आहे. सोलापूरजवळ नान्नजला माळढोकांसाठी १९७९ मध्ये अभयारण्य झालं. त्या माळावरच्या खोकडांवर अबी वनक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग केला. खोकडांसाठी खाणं ठेवायचं, आणि काही वेळा जवळ जिवंत कुत्रं दिसेल असं ठेवायचं. कुत्रं दिसत असताना खोकड आलं, पण खाण्यापाशी थांबणं आणि खाणं फार कमी झालं. मान वर करून बघण्यातच त्याचा वेळ गेला. कुत्र्यानं त्याला हातही लावला नव्हता. माळरानावर, उन्हाळ्यात, पिल्लं बिळात असताना एक रात्र अर्धपोटी जाणं म्हणजे काय, याचा विचार मी नान्नजबद्दल वाचेपर्यंत कधी केला नव्हता.

मुलगा न्यू जर्सीहून फोटो पाठवतो. पिवळ्या-तांबड्या पानांची रानवाट, त्याचा कुत्रा, गळ्यात पट्टा. ‘इथे तर पाटी लावलेली असते, सहा फुटांपर्यंतचा पट्टा असला की चालतं,’ तो म्हणतो. खरं आहे, तिकडच्या राष्ट्रीय उद्यानांच्या नियमांतही सहा फुटांचं ते माप आहे. पण त्याच देशात यलोस्टोनला पायवाटांवर कुत्र्याला बंदी आहे. पट्टा असो वा नसो. गाडीच्या रस्त्यापासून शंभर फुटांच्या आत राहायचं, पुढे नाही. कारण तिथे लांडगे आहेत, अस्वलं आहेत. मुलाला मी विचारलं, न्यू जर्सीची वाट आणि यलोस्टोन यांतलं नागरहोळेला काय जास्त जवळचं? २०२२ च्या गणनेत नागरहोळे व्याघ्र प्रकल्पात १४१ वाघ नोंदले गेले, देशात फक्त कॉर्बेट आणि बंदीपूर त्याच्या पुढे. आत ६४३ चौरस किलोमीटरचं गाभाक्षेत्र, त्यात वाघ, बिबट्या आणि कोळसुंदे एकाच चितळावर जगतात. उल्लास कारंथ आणि मेल संक्विस्ट यांनी याच रानात त्या तिघांच्या शिकारीचा अभ्यास केला. जगभर तो वाचला जातो. या रानाच्या व्याघ्र प्रकल्पाचं कार्यालय माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, हुणसूरमध्येच आहे. आणि मला पट्ट्याच्या लांबीची पडली होती.

कोळसुंद्याचं नाव घेतलं, तर जरा थांबायला हवं. इकडे कन्नडमध्ये त्याला सीळुनायी म्हणतात. कळपानं राहणारा, शिट्टीसारखा आवाज काढून एकमेकांना बोलावणारा तांबूस रानकुत्रा. वाघाइतकं कौतुक त्याच्या वाट्याला कधी आलं नाही. इंग्रजांच्या काळात त्याला मारण्यासाठी बक्षीस मिळायचं. म्हैसूरच्या कृपाकर-सेनानी या जोडीनं वर्षानुवर्षं मागे राहून त्याच्यावर चित्रपट केला, तेव्हा कुठे लोकांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. जगात आता पिल्लांना जन्म देऊ शकतील असे प्रौढ कोळसुंदे अडीच हजारही नाहीत, असा अंदाज आहे. वाघाला जे आजार माझ्या कुत्र्याकडून होऊ शकतात, ते कोळसुंद्याला तर भावकीतूनच आल्यासारखे येतात. कळपातलं एक आजारी पडलं की सगळे. एकमेकांची तोंडं चाटतात, एका बिळात पिल्लं वाढवतात, मागे राहिलेल्यासाठी मांस गिळून नेऊन ओकून देतात. त्यांचं हे प्रेमच आजाराला वाट करून देतं.

डिस्टेंपर हा कुत्र्यांचा आजार मी जवळून पाहिला तो याच भागातल्या एका वस्तीवर. माझ्याकडे कामाला येणाऱ्या बाईचं पिल्लू. आधी डोळ्यांतून चिकट पाणी, मग नाकातून, मग पंजाची गादी कडक, चामड्यासारखी. आणि शेवटी जबडा आपोआप वाजायला लागला, टक टक टक, जणू काही चघळतंय. डॉक्टर म्हणाले, आता काही होणार नाही. तीन दिवसांनी ते गेलं. तोवर त्याच्याबरोबरची चार पिल्लं रानाच्या काठावर वाघानं टाकलेल्या गाईच्या सापळ्यावर जाऊन आली होती. मेंढपाळ, गुराखी, वॉचर सगळ्यांना माहीत असतं की गावातली कुत्री वाघाच्या शिकारीवर जातात. वाघ परत येऊन तेच मांस खातो.

ही भीती कल्पनेतली नाही. १९९४ मध्ये आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत डिस्टेंपरनं सुमारे एक तृतीयांश सिंह गेले. २०१८ च्या सप्टेंबरात गीरच्या दलखाणिया परिक्षेत्रात तीन आठवड्यांत २३ सिंह मेले, आणि त्यांतल्या काहींच्या नमुन्यांत हाच विषाणू असल्याचं आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं शोधून काढलं. त्यानंतर अमेरिकेतून लस मागवून सिंहांना टोचावी लागली. जंगलातल्या सिंहाला पकडून लस टोचण्यापेक्षा गावातल्या कुत्र्याला टोचणं किती सोपं असतं, हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

‘पण आमच्या कुत्र्याला सगळ्या लशी दिल्यात,’ हे मला मैत्रिणी सांगतात, मीही सांगायचे. दिल्या असतील. पार्व्होचा विषाणू मात्र मातीत महिनोन्महिने टिकतो, आणि लस घेतलेलं कुत्रंही तो पंजाला, केसाला चिकटवून एका ठिकाणाहून दुसरीकडे नेऊ शकतं. उलट जंगलातून परतल्यावर हरणीच्या कानामागे मी गोचीड काढायचे, ते तिचंच आहे असं मानून. गोचिडांनी काय होतं हे या पट्ट्याला १९५७ पासून माहीत आहे, शिमोग्याकडे माकडताप आला तेव्हापासून. २०१६ मध्ये तो आपल्या सिंधुदुर्गातही पसरला. रानातलं गोचीड कुत्र्याच्या अंगावरून अंथरुणापर्यंत आणण्याचं काम मी प्रेमानं करत होते.

तंबाखूवाल्या घरात आयुष्य गेल्यामुळे एक हिशेब मला फार लागला. बेल्जियममध्ये गेंट शहराजवळच्या राखीव रानांत शास्त्रज्ञांनी फिरायला येणाऱ्या कुत्र्यांच्या शी-शूचा हिशेब केला, तो २०२२ मध्ये आला. हेक्टरी वर्षाला ११ किलो नत्र आणि ५ किलो स्फुरद. व्हर्जिनिया तंबाखू लावणारा शेतकरी नत्राचं माप किती जपून टाकतो, ते मी पाहिलेलं आहे. जास्त झालं की पानाचा रंग बिघडतो, भाव पडतो. रानातल्या कमी खतावर जगणाऱ्या वनस्पतींचंही तसंच आहे, फक्त तिथे लिलाव नाही म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. त्याच अभ्यासानं दाखवलं की सगळी कुत्री पट्ट्यात ठेवली तर हा भार वाटेच्या कडेलाच साचतो आणि तिथे तो कित्येक पटींनी वाढतो. आमचा वळणावरचा दगड आठवा.

आणि बिबट्या. विद्या अत्रेय यांनी अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेवरून त्यांच्या खाण्याचा अभ्यास केला, तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. वजनाच्या हिशेबानं त्यात ३९ टक्के कुत्री होती. म्हणजे माझ्या मनगटाला बांधलेल्या दोरीच्या दुसऱ्या टोकाला, बिबट्याच्या नजरेनं, जेवण होतं. सुटं कुत्रं निदान पळतं. पट्ट्यातलं पळू शकत नाही, आणि धरणारी बाई दोरी सोडायला तयार नसते. हत्तीचं तर विचारूच नका. कुत्र्यानं डिवचलेला हत्ती कुत्र्याच्या मागे येतो आणि कुत्रं धावतं ते मालकाकडे. इकडच्या कुठल्याही माहुताला विचारा. दसऱ्याला जाणाऱ्या हत्तींची गजपयण वीरनहोसहळ्ळीहूनच निघते, त्यामुळे इथे माहुताला विचारायला लांब जावं लागत नाही.

मी हे बोलायला लागले की एक गृहस्थ हमखास महाभारत काढतात. धर्मराजानं कुत्र्यासाठी स्वर्ग नाकारला, आणि तुम्ही त्याला रानाच्या दारात सोडता? मी त्यांना सांगते, ती गोष्ट पुन्हा आठवा. कुत्र्याला आत घेत नसतील तर मीही आत जाणार नाही, असं म्हणून धर्मराज दाराबाहेर थांबला. त्यानं कुत्र्याला पट्टा बांधून स्वर्गात घुसवलं नाही. ज्यांना कुत्र्यावाचून चालवत नाही, त्यांनी तेवढंच करावं. माझ्या मते त्याच्यासाठी एक वाट सोडून देणं, यातही प्रेम असतंच.

पण आता जे लिहिणार आहे, ते न लिहिता मी थांबले तर हा लेख अप्रामाणिक होईल. मला ‘नको’ म्हणणाऱ्या त्या वॉचरच्या हाडीत कुत्री आहेत. रात्री हत्ती घराकडे सरकला की पहिला इशारा तीच देतात. त्या लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती या रानात होती. कित्येकजणांना तिथून उठवलं, आणि वनहक्क कायदा २००६ साली आल्यावरही त्यांचा वाद मिटलेला नाही. उद्या ‘जंगलात कुत्रं नको’ असा नियम कडक झाला, तर त्याची काठी पहिल्यांदा त्यांच्याच पाठीवर पडेल, हे मला माहीत आहे. म्हणून मी स्पष्ट म्हणते. त्यांचं कुत्रं जगण्याचं साधन आहे आणि माझं फिरणं हौस आहे. नियम हौसेपासून सुरू व्हावा. सफारीच्या रिसॉर्टपासून, जंगलाकाठी घर बांधणाऱ्या माझ्यासारख्यांपासून, शनिवारी गाडीत लॅब्रॅडॉर घालून येणाऱ्यांपासून. रानाच्या काठच्या काही रिसॉर्टच्या जाहिरातींत ‘पाळीव प्राण्यांचं स्वागत’ लिहिलेलं असतं आणि खाली रानवाटेवर कुत्रा घेऊन चालणाऱ्या कुटुंबाचा फोटो. ते बंद झालं पाहिजे.

आणि त्यांच्या कुत्र्यांसाठी सरकारनं खर्च केला पाहिजे. वन्यजीव संरक्षण कायद्यात ३३-अ कलम आहे. अभयारण्याच्या आत आणि त्याच्यापासून पाच किलोमीटरच्या पट्ट्यातल्या पशुधनाला संसर्गजन्य रोगांच्या लशी टोचण्याची व्यवस्था मुख्य वन्यजीव रक्षकानं करायची, असं ते सांगतं. राष्ट्रीय उद्यानालाही ते लागू आहे. उत्तम कलम आहे. पण पशुधनाची व्याख्या उघडून बघा. म्हैस, बैल, उंट, गाय, गाढव, शेळी, मेंढी, घोडा, खेचर, याक, डुक्कर, बदक, कोंबडीसुद्धा. कुत्रा नाही. वाघाला, कोळसुंद्याला, सिंहाला ज्याच्याकडून सगळ्यात मोठा धोका, त्याचंच नाव यादीत नाही! आमच्याकडच्या शिबिरांत कुत्र्यांना लस मिळते ती रेबीजची, आणि ती मिळायलाच हवी. तिच्या जोडीला डिस्टेंपर आणि पार्व्होचीही मिळाली पाहिजे, दरवर्षी, पाच किलोमीटरच्या पट्ट्यातल्या प्रत्येक कुत्र्याला. त्या यादीत एक शब्द वाढवायला संसदेला किती वेळ लागेल?

२०२५ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीतल्या भटक्या कुत्र्यांबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला, तेव्हा देशभर लोक दोन तट करून भांडले. मी रोज वाचत होते. रस्ते, शाळा, रुग्णालयं, सगळ्यांची चर्चा झाली. जंगलाच्या काठाचं नाव मला एकदाही दिसलं नाही. २०२३ च्या नियमांनुसार नसबंदी केलेलं कुत्रं जिथून उचललं तिथेच सोडायचं असतं. ती जागा अभयारण्याची कड असली तर? सासवडजवळ लांडगा आणि कुत्रा यांच्या संकराचा जनुकीय पुरावा २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुण्यापासून तासाभराच्या अंतरावर माळावरचा लांडगा हळूहळू लांडगा राहीनासा होतो आहे, आणि आपण गल्लीच्या कोपऱ्यावर खाऊ घालावं की नाही यावर भांडतो आहोत.

पुण्यात माझी भाची वेताळ टेकडीच्या पायथ्याशी राहते. मागच्या दिवाळीत तिच्याबरोबर वर गेले. सहा-साडेसहाची वेळ. मोराचा आवाज दोनदा आला, तिसऱ्यांदा नाही. तेवढ्या वेळात आमच्याजवळून चौदा कुत्री गेली, नऊ पट्ट्यात, पाच मोकळी. मी मोजली. भाचीचा बीगल त्यांतलाच एक. ती म्हणाली, ‘मावशी, मग आम्ही जायचं कुठे? सोसायटीत लिफ्टमध्ये सुद्धा नेऊ देत नाहीत.’ या प्रश्नाला उत्तर न देता तिला टेकडीवरून खाली ढकलणं मला जमणार नाही. शहरानं कुत्र्यांना जागा दिलेली नाही, म्हणून तो सगळा भार टेकडीवर येतो. प्रत्येक प्रभागात कुंपण घातलेलं एक मोकळं मैदान असावं, जिथे पट्टा काढून कुत्र्याला धावता येईल. टेकड्यांवर एक-दोन वाटा कुत्र्यांसाठी ठरवून द्याव्यात, बाकीच्या पक्ष्यांना सोडाव्यात. आणि जिथे अभयारण्य आहे, राखीव रान आहे, तिथे पाटीवर नुसतं ‘पाळीव प्राणी आणू नयेत’ लिहून भागत नाही. ‘पट्ट्यात असले तरी आणू नयेत’ असं लिहावं. कारण वाचणारा प्रत्येकजण, माझ्यासारखाच, पाटी आपल्यासाठी नाही असं समजतो.

भाचीला हे सगळं पटलं नाही. बीगल फार शांत आहे, एवढंच ती म्हणत राहिली. मी हरणीबद्दल हेच म्हणायचे, म्हणून मला तिचा राग आला नाही.

आता आमचा रस्ता बदलला आहे. लक्ष्मणतीर्थ नदीच्या काठानं थोडं चालतो, तिथून तळ्याच्या बांधावर. तंबाखू निघाल्यावर ओळखीच्या शेतकऱ्याचं रिकामं रान मिळतं, तिथे मी चारी बाजू बघून हरणीचा पट्टा काढते. मुधोळ कुत्री पूर्ण वेगात धावते तेव्हा तिचे चारी पाय एकदम जमिनीवरून सुटतात. सागाच्या वाटेवर दोन मीटर दोरीला बांधलेली हरणी मला कधी अशी दिसली नव्हती.

वॉचरची आणि माझी गाठ आठवड्यातून एकदा पडते, नाक्याजवळच्या चहाच्या टपरीवर. मी एकटी असते, गळ्यात दुर्बीण. परवा तो सांगत होता, आमच्या वाटेवर सांबराचे ठसे परत दिसायला लागलेत, पिल्लासकट. चहा संपल्यावर त्यानं सवयीनं गाडीत डोकावून पाहिलं.

‘नायी एल्लि, अम्मा?’

‘मनेल्लि,’ मी म्हणाले. घरी.